सांभाळणाऱ्यांचा वेळ : वऱ्हाडातील दिव्यांग मुलांचे संगोपन

वऱ्हाडातील गावांत अपंगत्वाचे जे चित्र लोकांच्या मनात ठसलेले आहे, ते मागच्या पिढीतील पोलिओने घडवलेले आहे. एक पाय बारीक राहिलेला, गुडघ्यावर हात टेकवून चालणारा, पण बुद्धीने तल्लख आणि व्यवहारात कोणाला न हरणारा असा एखादा माणूस अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील बहुतेक मोठ्या गावांनी पाहिलेला आहे. त्याने कुबडी घेऊन शाळा पार पाडली, पुढे सार्वजनिक टेलिफोनचा बूथ, पानठेला किंवा शिलाईयंत्र यांच्या आधाराने संसार उभा केला, आणि गावाने त्याच्याकडे पाहूनच ठरवून टाकले की अपंग माणसाला एखादे साधन व थोडे भांडवल मिळाले की त्याचे भागते. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तो आजार गेला, पण त्याने घडवलेली मदतीची कल्पना मात्र कायम राहिली.

आज या दोन जिल्ह्यांतील ज्या घरांत संगोपनाचा प्रश्न सर्वांत बिकट झाला आहे, त्या घरांतील मुलांचे अपंगत्व पायाचे नसून मेंदूशी निगडित आहे. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच विकसित होत असलेल्या मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवरील ताबा कायमचा बिघडतो, त्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. प्रसूती अडून बाळ वेळेवर न रडणे, दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाचे जन्मणे, जन्मानंतरची कावीळ डोक्यात जाणे, मेंदूज्वर होणे ही तिची नेहमी आढळणारी कारणे होत. तिच्या जोडीला बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता म्हणजे संवाद व सामाजिक देवाणघेवाण यांत मूलभूत अडचण निर्माण करणारी अवस्था, आणि अपस्मार म्हणजे लोक ज्याला फिट किंवा मिरगी म्हणतात तो आजार, हे एकटे किंवा एकमेकांसोबत येतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने ते एकवीस केले आणि त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसिमिया अशा अवस्थांचा समावेश केला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, परंतु ती मोजणी आठ प्रकारांच्या जुन्या चौकटीतली असल्यामुळे नव्या कायद्याने ओळखलेली अनेक मुले तिच्यात वेगळी दिसतच नाहीत.

अशा मुलाला तीनचाकी सायकल देऊन प्रश्न सुटत नाही, कारण त्याला दिवसभर हवे असते ते माणूस. हा फरक ध्यानात घेतल्याखेरीज वऱ्हाडातील पालकांची दमछाक समजत नाही, आणि योजनांची यादी एवढी लांब असताना घराघरांत हतबलता का आहे, याचाही उलगडा होत नाही.

जेवणाचेच उदाहरण घेतले तर ही गोष्ट स्पष्ट होते. तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घास तोंडात धरणे, चावणे आणि गिळणे या तिन्ही क्रिया जड जातात. त्याला आडवे ठेवून भरवले तर अन्न श्वासनलिकेत उतरून छातीत कफ व संसर्ग होतो, म्हणून पाठ सरळ, मान किंचित पुढे आणि हनुवटी खाली अशा बैठकीत, एका हाताने जबडा सावरत आणि दुसऱ्या हाताने चमच्याने, प्रत्येक घास गिळला गेल्याची खात्री करत भरवावे लागते. ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ खिचडी हे या घरांतील नेहमीचे अन्न. पातळ पाण्याचाच ठसका लागतो, म्हणून तेही घट्ट करून पाजावे लागते. एका जेवणाला पाऊण तास सहज लागतो आणि दिवसातून तीन-चार वेळा हेच करायचे असते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा तहान सांगू न शकणाऱ्या मुलाला पुरेसे पाणी गेले की नाही, हे ओठ, लघवी आणि मरगळ यांवरून ओळखण्याचे कामही भरवणाऱ्या बाईलाच करावे लागते.

पाण्याचा प्रश्न इथेच संपत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला खारपाणपट्टा, म्हणजे भूगर्भातील पाणी खारट असलेला प्रदेश, अकोला, बाळापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर या तालुक्यांतील कितीतरी गावांना व्यापून आहे. तिथे विहिरीला पाणी असूनही ते वापराचे नसते आणि नळाचे पाणी काही दिवसांआड येते. दहा-बारा वर्षांचे झाले तरी शौच-लघवीवर ताबा न आलेल्या मुलाच्या घरी रोज चादरी, गोधड्या आणि कपडे धुवावे लागतात, नाहीतर पाठीला व कुल्ल्यांना जखमा होतात; ज्या घरात पिण्याचे पाणी हंड्याने मोजून ठेवले जाते, त्या घरात या धुण्यासाठी पाणी कुठून आणायचे, हा त्या मुलाच्या पुनर्वसनाचा रोजचा भाग असतो. कोणत्याही प्रमाणपत्रावर त्याची नोंद होत नाही.

काळ्या मातीचेही असेच आहे. पावसाळ्यात वऱ्हाडातील पांदणरस्ते आणि वस्त्यांतील गल्ल्या चिकट गाऱ्याने भरतात, चाकाला मातीचा लपेटा बसला की सायकल काय नि चाकाची खुर्ची काय, जागची हलत नाही. शिवाय जुन्या घरांचा ओटा आणि उंबरठा उंच असतो. म्हणून शिबिरात मोठ्या समारंभाने मिळालेली खुर्ची अनेकदा गोठ्यात किंवा माळ्यावर जाते आणि मूल आईच्या कडेवर राहते. मूल दोन वर्षांचे असताना ते स्वाभाविक वाटते, पण आठव्या-नवव्या वर्षी वीस किलोचे, तेही ताठरलेले शरीर उचलून एसटीच्या उंच पायऱ्या चढणे म्हणजे काय, हे त्या बाईच्या कमरेला विचारावे. महामंडळाने दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत दिलेली आहे आणि तिचे मोल खेड्यातील कुटुंबाला चांगले कळते; तथापि भाडे कमी झाले तरी पायरी खाली येत नाही, आणि सवलतीचा हिशेब करताना बुडालेली मजुरी कोणी धरत नाही.

ही मजुरी फार महत्त्वाची आहे. सोयाबीनची सोंगणी आणि त्यापाठोपाठ कपाशीची वेचणी या दोन हंगामांत भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांतील बायांच्या हाती वर्षातला बराच पैसा येतो. वेचणी तर किलोवर असते, त्यामुळे घरी राहिलेला दिवस हा सरळसरळ गेलेला पैसा असतो. व्यायामोपचारासाठी, म्हणजे आखडलेले सांधे व स्नायू तज्ज्ञाच्या हातून हलवून घेण्यासाठी, आठवड्यातून दोन दिवस जिल्ह्याला यायला सांगितले जाते तेव्हा आईपुढे पर्याय असतो तो उपचार आणि रोजी यांतला. केंद्र शासनाच्या सेवेतील मातेला संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि अपत्य दिव्यांग असल्यास तिला वयाची अट नाही. शेतात राबणाऱ्या मातेसाठी या रजेच्या जवळपास जाणारी कोणतीही तरतूद नाही. तिची रजा म्हणजे मुलाची आजी. वऱ्हाडातील अनेक घरांत दिव्यांग मूल खऱ्या अर्थाने आजीने वाढवलेले असते, आणि आजी अंथरुणाला लागली की त्या घराची घडी एका महिन्यात विस्कटते.

याच जोडीला दोषारोपाचा भार असतो. मूल मान धरत नाही, पालथे पडत नाही, हे बहुधा आईच्या किंवा आजीच्याच प्रथम लक्षात येते, पण त्याचे कारण मात्र ग्रहणात काही चिरले असेल, कोणाची नजर लागली असेल, सुनेच्या माहेरीच असे असेल अशा ठिकाणी शोधले जाते; त्यात अंगारे-धुपारे आणि नवस यांत दीड-दोन वर्षे निघून जातात. श्रद्धेला नावे ठेवण्याचे इथे कारण नाही. हानी होते ती काळाची, कारण मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात व गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे विकासातील अडथळे लवकर ओळखून उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवण्याची व्यवस्था आहे. कागदावर ही रचना उत्तम आहे; तिचे यश मात्र पथक निघून गेल्यावर त्या घराला कोणी पुन्हा भेटते का, यावर ठरते, विशेषतः धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातील तालुक्यांत, जिथून अमरावती गाठण्यातच दिवस मोडतो.

घरातील माणसांच्या वेळेतून केवढे काम होऊ शकते, हे वाकड्या पावलाच्या, म्हणजे क्लबफूटच्या उपचारात दिसते. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला नवे प्लास्टर घालत पाऊल हळूहळू सरळ आणले जाते, बहुतेक मुलांत टाचेवरच्या शिरेला छोटा छेद द्यावा लागतो, आणि त्यानंतर दांडीने जोडलेले विशेष बूट पहिले तीन महिने दिवसातील तेवीस तास आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत रात्री घालावे लागतात. डॉक्टरांचे काम काही आठवड्यांत संपते. उरलेली सगळी वर्षे रडणाऱ्या मुलाला रोज रात्री बूट चढवणाऱ्या आईबापांची असतात, आणि त्यांनी कंटाळून ते सोडले तर पाऊल पुन्हा वळते. जन्मतः कर्णबधिर मुलाचेही तेच आहे. कानाच्या आतील शंखाकृती भागात बसवायच्या कॉक्लियर यंत्रासाठी केंद्राच्या योजनेतून लाखो रुपयांचे साहाय्य मिळते, परंतु शस्त्रक्रियेने आवाज येतो, भाषा येत नाही. भाषा येते ती पुढची कित्येक वर्षे घरात रोज त्या मुलाशी समोर बसून, ओठ दाखवून, एकेक वस्तू उच्चारून बोलणाऱ्या माणसामुळे. साधनावर लाखो रुपये आणि त्या बोलणाऱ्या माणसावर काहीच नाही, हे प्रमाण चुकलेले आहे.

प्रमाणपत्राबाबत विस्ताराने लिहिण्याची गरज नाही, कारण प्रत्येक पालक तो प्रवास जाणतो : ऑनलाइन अर्ज, ठरलेल्या वाराला जिल्हा रुग्णालयातील रांग, तज्ज्ञाची गैरहजेरी, पुन्हा फेरी. चाळीस टक्के ही लाभाची किमान मर्यादा असल्यामुळे पालकांच्या तोंडी ‘किती टक्के निघाले’ हाच प्रश्न असतो. परंतु टक्के हे शरीराच्या हानीचे माप आहे, त्या मुलाला दिवसातून किती तास दुसऱ्या माणसाची गरज लागते त्याचे नव्हे, आणि पुढची सगळी व्यवस्था मात्र याच मापावर उभी आहे.

शाळेच्या संदर्भात कायदा निःसंदिग्ध आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि समग्र शिक्षा अभियानातून विशेष शिक्षक, मदतनीस भत्ता व ज्यांना शाळेत जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी गृहाधारित शिक्षण यांची तरतूद आहे. प्रत्यक्षात एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असल्याने मुलाच्या वाट्याला तो अधूनमधून येतो, आणि उरलेल्या दिवसांत मूल वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून असते किंवा पटावर नाव ठेवून घरी असते. मुलाला शाळेत शौचाला नेणारे कोणी नाही, एवढ्या एका कारणाने शिक्षण सुटलेली मुले, आणि त्याहून अधिक मुली, गावोगाव आहेत. मदतनीस भत्ता अशा वेळी बहुधा आईलाच मिळतो, म्हणजे व्यवस्था पुन्हा तिलाच कामाला लावते. अशा घरात असलेल्या मोठ्या बहिणीचाही विचार इथे करायला हवा. भावाला सांभाळण्यासाठी तिची शाळा आधी चुकते, मग सुटते, आणि तिची गणना कोणत्याच योजनेत होत नाही.

मुलगी वयात आल्यावर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा पाळीच्या काळात त्यांची स्वच्छता राखणे शक्य होत नाही हे कारण पुढे करण्यात आले होते आणि देशभरातील स्त्रीसंघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता. त्या घटनेचा सरळ अर्थ असा, की सांभाळायला माणसे नेमायची नव्हती, म्हणून मुलींच्या शरीराचा भाग काढला गेला. आजच्या अधिनियमाचे कलम १० दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून वंध्यत्व आणणारा कोणताही वैद्यकीय उपाय करण्यास मनाई करते. तरीही वेचणीला जाणाऱ्या आईच्या मनात आपली बोलू न शकणारी लेक घरी एकटी असल्याची जी धास्ती असते, ती कायद्याच्या मनाईने दूर होत नाही; तिला दिवसा लेकीजवळ भरवशाचे कोणीतरी हवे असते.

अठराव्या वर्षी शाळा संपते, बालकांसाठीच्या योजना संपतात, आणि कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांतील प्रौढ व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळवता येते, आणि त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच आहे. या दोन्ही गोष्टी पालकांनी वेळीच करून घ्याव्यात, कारण बँकेतील खाते किंवा वारशाची शेती यांचा प्रश्न उभा राहतो तेव्हाच त्यांची आठवण होते. परंतु कागदोपत्री पालकत्व मिळाले तरी वऱ्हाडातील प्रत्येक घरात विचारला जाणारा प्रश्न, ‘आमच्या मांगून याचं कसं व्हईन?’, अनुत्तरितच राहतो.

या प्रश्नाला याच भूमीत एक उत्तर दिले गेले आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळील वझ्झर येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या छत्राखालील अंबादासपंत वैद्य बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वे स्थानके, बसस्थानके आणि उकिरडे यांवर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आणून वाढवले, वडील म्हणून स्वतःचे नाव दिले, कित्येकांची लग्ने लावून दिली; २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्याचे मर्म इमारतीत किंवा देणग्यांत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बालगृहातून बाहेर काढण्याचा नियम त्यांनी मानला नाही, आणि अशा बेवारस दिव्यांगांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा ही मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले. तिथे जाणती झालेली मुले अंथरुणाला खिळलेल्या मुलांना भरवतात, आंघोळ घालतात. म्हणजे सांभाळणाऱ्या माणसांची उणीव त्या घराने आतूनच भरून काढली.

याच घरातील माला पापळकर ही दृष्टिहीन मुलगी जळगावच्या रेल्वे स्थानकावर सापडलेली. ती अमरावतीत शिकली, पदवीधर झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गट-क परीक्षा उत्तीर्ण झाली. तिची जिद्द असामान्य आहेच. तथापि तिच्यासाठी पुस्तके वाचणारे, ती ध्वनिमुद्रित वा ब्रेलमध्ये मिळवून देणारे, परीक्षेत तिच्या शेजारी बसून लिहिणारे हातही त्या यशात आहेत. या संदर्भात त्याच जिल्ह्यातील संत गुलाबराव महाराज यांचे स्मरण होणे साहजिक आहे. १८८१ मध्ये लोणी टाकळी येथे जन्मलेल्या या मुलाची दृष्टी नवव्या महिन्यात गेली, आई लवकर वारली, आजीने त्याला वाढवले. पुढे शेकडो ग्रंथ इतरांकडून वाचवून घेत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले आणि १९१५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, देह ठेवला. प्रज्ञाचक्षू म्हणून त्यांचा गौरव होतो तो योग्यच. त्यांना वाचून दाखवणाऱ्यांचे आणि त्या आजीचे ऋणही वऱ्हाडाने तेवढेच मानायला हवे.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान १५०० रुपयांवरून २५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्याआधी जूनमध्ये गुरुकुंज मोझरी येथे माजी आमदार बच्चू कडू यांनी केलेल्या उपोषणातील मागण्यांत दिव्यांगांना दरमहा सहा हजार रुपये मिळावेत हीही मागणी होती. रकमेचा वाद महत्त्वाचा आहे आणि वाढ स्वागतार्ह आहे, परंतु २०१६ च्या अधिनियमातच कलम २४ खाली, अधिक साहाय्याची गरज असलेल्या व्यक्तीसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे, त्याकडे या सगळ्या चर्चेत जवळजवळ कोणी वळत नाही. मुलाला मिळणारे अनुदान आणि त्याला सांभाळण्यात ज्याचा दिवस जातो त्याला मिळणारा मोबदला या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दुसरी दिल्याशिवाय पहिली पुरणार नाही.

ही सुरुवात मुंबईहून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असा शासनाचा आदेश २०१८ पासून आहे. हा पैसा बहुतांश ठिकाणी मार्चअखेर वस्तूंच्या किंवा किरकोळ रकमांच्या वाटपात जातो. लहान गावाची रक्कम थोडी असते हे खरे, पण शेजारच्या चार-पाच गावांनी ती एकत्र केली, तर वेचणीच्या हंगामापुरते तरी गावातीलच एका प्रशिक्षित बाईला मानधन देऊन दिवसाचे काही तास दिव्यांग मुलांना एका ठिकाणी सांभाळता येईल, त्यांना नीट भरवता येईल, शिकवून घेतलेले व्यायाम रोज देता येतील. अंगणवाडीची खोली दुपारनंतर रिकामी असते. हा अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यांपैकी ज्यांचे गाव अमरावती किंवा अकोला जिल्ह्यात आहे, त्यांनी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून पाच टक्क्यांचा हिशेब मागावा आणि गावात अशी किती मुले आहेत, त्यांना दिवसा कोण सांभाळते, याची नोंद कार्यवृत्तात करून घ्यावी.